पुडीवर नाव लिहिणारे डॉक्टर

डॉ. मनोहररावांची आणि माझी पहिली भेट नांदुऱ्याला त्यांच्या दवाखान्यात झाली. दुखणं माझं नव्हतं, थोरल्या भावाचं होतं. दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. घराबाहेर पडायची वेळ झाली की त्यांचं पोट बिघडे. आवेवरची औषधं झाली, बेलाचा मुरंबा झाला. अकोल्याला पोटाचा क्ष-किरण फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. पंगतीत बसणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. आता त्यांच्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना एकच धास्ती होती, कन्यादान होईतो पाटावर बसवेल का?

आधीच्या डॉक्टरांनी हे दुखणं खोटं ठरवलं होतं. मनोहररावांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, "आतडं चिडखोर झालं आहे. उदासीवर एक गोळी देतात. ती अगदी थोड्या प्रमाणात रोज रात्री घ्या, आतडं शांत होतं. महिनाभर धीर धरा." निघताना हळूच म्हणाले, "घरी काही बोलू नका. लोक भलतंच समजतात." गोळ्या कोऱ्या कागदाच्या पुडीत होत्या.

गुण आला. तोंड कोरडं पडे, सकाळी सुस्ती असे. पण दादा एसटीने मोताळ्याचा बाजार करून आले, वाटेत कुठेही न उतरता.

लग्नाच्या तोंडावर पुडी संपली. डॉक्टर परगावी होते. कंपाउंडरने चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, आणि औषधाच्या दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "ह्या तं डोकं फिरल्यावरच्या गोळ्या आहेत बाबूजी. कोनाले पायजेत?"

गोष्ट वहिनींच्या कानावर गेली. "व्याह्याले कळलं तं लगन राहीन का?" म्हणत त्यांनी गोळ्या चुलीत टाकल्या. गोळ्या पोटासाठी आहेत, हे दादांनी सांगितलं नाही. घरी बोलायचं नाही, असंच त्यांना सांगितलेलं होतं.

लग्नात पाटावर मी आणि माझी पत्नी बसलो. सुमनचा हात माझ्या हातात होता आणि तिची नजर परसदाराकडे. दादा तिकडे होते. डॉक्टरांनी मांडवातून ते पाहिलं आणि न जेवता निघून गेले.

पुढच्या आठवड्यात ते घरी आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्यांनी वहिनींना सगळं समजावून सांगितलं.

"मंग हे तवाच काऊन नाई सांगितलं?" वहिनींनी विचारलं.

"मीच चुकलो, वहिनी. मले वाटलं, झाकलं तं यांची लाज राहीन."

वहिनींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. म्हणाल्या, "द्या आता गोळ्या. लेक तं गेली."

तेव्हापासून मनोहरराव प्रत्येक पुडीवर औषधाचं नाव ठळक लिहितात, घरच्या माणसाला आत बोलावतात आणि औषध कशावरचं आहे ते मोठ्याने सांगतात. त्यामुळे काही रोगी तुटले. त्यांनी तुटू दिले.

डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात ही हकीकत शोभेल का, हा प्रश्न मला छळत होता. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "तेवढीच लिहा. बाकीचं इतर लिहितील." दादांनाही विचारलं. ते म्हणाले, "लिह बे. पन हेही लिह, मी सत्काराले येऊन राह्यलो. पहिल्याच पंगतीत बसीन."

डॉक्टरसाहेब, साठी गाठलीत. यापुढेही उदंड वर्षं आपल्याला निरोगी शरीराने आणि हलक्या मनाने लाभोत. सुमनच्या लग्नातून आपण न जेवता गेलात. सत्काराच्या दिवशी दादांच्या शेजारचं पान आपलं आहे.