वसाहतीचं पाणी

"पानी चाहिए ना? पिला दो इनको. पाइप से."

मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मालक, वेताच्या खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. माळ्याला म्हणाले. माळी हिरवळीवर पाणी मारत होता. साहेब थट्टा करतायत की खरंच सांगतायत, त्याला कळेना. पाइप घेऊन तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

आम्ही चार-पाच जण. मुलुंडला कारखान्याच्या मागं कामगारांची वसाहत होती, तिथून आलेलो. चपला बंगल्याच्या फाटकाबाहेर काढायला लावलेल्या. उन्हात, खडीवर, अनवाणी. सगळ्यांच्या पुढं माझे बाबा. इस्त्रीचा शर्ट घालून.

आणि बाबा वाकले. ओंजळ पुढं केली.

ते का वाकले, हे मला माहीत होतं. कोकणात, आमच्या गावात, ते असंच पाणी प्यायले होते. वरून कुणीतरी ओतायचं, खाली आपण ओंजळ धरायची. विहिरीला हात लावायचा नाही. मग मुंबईला आले. मोठ्या साहेबांनी मशिनवर घेतलं, वसाहतीत खोली दिली. बाहेर नळ. सगळ्यांना एकच. त्या नळाची चावी बाबांनी स्वतःच्या हातानं फिरवली आणि त्या दिवसापासून ते साहेबांचे झाले. कारखान्यात संप झाला तरी हे कामावर. लोक तोंडावर चमचा म्हणाले. शेजारच्या काकांनी बोलणं टाकलं. बाबांना काही वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात कंपनीनं अधिकाऱ्यांसाठी क्लब बांधला. वसाहतीची पाण्याची लाइन तिकडं वळवली. आम्हाला कुणी विचारलं नाही. बायका कळशा घेऊन रस्त्यापलीकडं जायला लागल्या. तिथल्या लोकांच्या शिव्या खाऊन पाणी आणायच्या. बाबा म्हणायचे, "साहेबांका ह्या म्हायत नसतला. मधल्यांची कामां ही."

मी तेव्हा कॉलेजात. इतिहासाच्या बाईंनी वर्गात विचारलं, "अमेरिकेत जाऊन वसलेले लोक इंग्लंडच्या राजाची इमानी प्रजा होते. मग त्याच्यावरच का उठले?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. कर लादला म्हणून.

"कर पार्लमेंटनं लादला गं," बाई म्हणाल्या. "राजा चांगला, मंत्री वाईट, असंच त्यांना वाटायचं. लढाई सुरू झाली तरी त्यालाच विनंती करत होते. त्यानं तो अर्ज हातातसुद्धा घेतला नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. मला बाबांचं 'मधल्यांची कामां ही' आठवलं.

म्हणून बाबा साहेबांना पाण्याचं विचारायला निघाले, तेव्हा मीही बंगल्यावर गेले. साहेबांना माहीत आहे की नाही, ते मला बघायचं होतं.

माहीत होतं.

"मीच सांगितलं बंद करायला," साहेब म्हणाले. "फुकट मिळतं म्हणून उधळता तुम्ही लोक. मी दिलं होतं, मी काढून घेतलं." आणि मग ते माळ्याकडं वळले.

पाणी बाबांच्या ओंजळीत पडलं. मनगटावरून बाहीत शिरलं. मागं बाईसाहेब बसल्या होत्या. त्या हसल्या. मोठ्यानं नाही.

"बाबा, उठा."

ते उठेनात. मी माळ्याच्या हातातून पाइप ओढला आणि खाली टाकला. म्हणाले, "आम्ही प्यायला नव्हतो आलो, साहेब. विचारायला आलो होतो. आता विचारणार नाही."

"कोण ही पोरगी?"

बाबा सरळ झाले. ओले हात शर्टाला पुसले.

"माझी मुलगी," म्हणाले. साहेबांकडं बघून.

वसाहतीत आल्यावर बाबा घरी न जाता शेजारच्या काकांच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "माका तुमच्यात घ्या."

काकांनी आत बोलावलं.

सकाळी सगळी वसाहत कारखान्याच्या गेटवर बसली. पुढं बायका. मालाचे ट्रक आत अडकले. दुपारी एक अधिकारी आला. "साहेब मेहेरबान झालेत. पाणी सोडतो. फक्त त्या पोरीनं माफी मागायची."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. कडेवर पोरं, सुकलेले ओठ. दोघी तर मला मनवायला उठल्यासुद्धा. मी माफी मागायला उठले. आई म्हणाली, "बस खाली. माफी नाय मागूची."

अधिकारी बाबांकडं वळला. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊं दे."

गेली. खोलीही गेली. आम्ही सामान उचलून चेंबूरला गेलो. त्यानंतरही लोक गेटवरून हलले नाहीत, तेव्हा वसाहतीत पाणी आलं. त्याचा एक थेंबही आमच्या वाट्याला आला नाही. बाबा पुन्हा कुठल्या मशिनवर उभे राहिले नाहीत. कुणी घेतलंच नाही त्यांना.

मी आता पाण्यासाठी वस्त्यांमधून माणसं जमवते. नवी माणसं इस्त्रीचे कपडे घालून येतात. विचारतात, "ताई, साहेबांकडे कधी जायचं?"

मी सांगते, जायचं नाही. त्यांना इथं यायला लावायचं.