रिबेकाची दुसरी गोळी

वर्ध्याहून निघताना कपड्यांची एक पिशवी आणि संत्र्यांचा एक करंडा, एवढंच माझं सामान होतं. करंडा पिशवीपेक्षा जड. ‘आई, पनवेलला संत्री मिळत नाहीत का?’ मुलाने विचारलं. मिळत असतील. पण रिबेकाकडे मी कधी रिकाम्या हाताने गेले नाही, आणि या वेळी तर मुळीच जाणार नव्हते.

रिबेका आणि मी टेलिफोन खात्यात एकदमच लागलो. ट्रेनिंग नागपूरला एका खोलीत; मग ती पनवेलच्या एक्स्चेंजला आणि मी वर्ध्याला. लाइन मोकळी असली की ‘हॅलो वर्धा’, ‘बोल पनवेल’ करत आम्ही अख्खं तारुण्य तारेवर काढलं. समोरासमोर बसून बोलणं मात्र फार थोडं झालं. आता दोघींचे नवरे गेले, तिची एकुलती लेक इस्रायलला स्थायिक झाली, आणि विडी-सिगारेटच्या वाटेला कधी न गेलेल्या या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. रोजच्या एका गोळीने तो बरेच दिवस दबून होता. आता त्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. गाठीचा नवा तुकडा तपासणीला गेला होता. दुसरी गोळी लागू पडेल की नाही, ते त्यावरून ठरायचं होतं. पडली, तर हिला उचलून वर्ध्याला आणायचं आणि यापुढे दोघींनी एकत्र राहायचं, असं मी मनात पक्कं करून निघाले होते.

कल्याणला गाडी सोडून एसटीने पनवेलला उतरले, तेव्हा अंगातला स्वेटर मूर्खासारखा वाटायला लागला. हिवाळ्यात घाम येणारं गाव! दूर कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. नवीन पनवेलमधल्या सगळ्या इमारती एकाच आईच्या लेकी असल्यासारख्या दिसतात, त्यामुळे रिक्षावाल्याने मला तीन चुकीच्या फाटकांपाशी नेलं. चौथ्या फाटकाशी रिबेका स्वतःच उभी होती. केस विरळ झालेले, गळ्याची हाडं वर आलेली.

‘ये वर्धा,’ ती म्हणाली. मी करंडा तिथेच टेकवून तिचा हात धरला.

घरात तिची भाची रूथ राहते. करंडा बघताच ती ओरडली, ‘नंदामावशी, ती संत्री आत नका आणू! डॉक्टरांनी आत्याला पपनस बंद केलंय, गोळीला बाधतं म्हणे.’ संत्री गॅलरीत गेली. डॉक्टरीणबाईंना फोन लागेपर्यंत संध्याकाळ झाली. पपनस नको, संत्रं चालेल, असा निकाल आला तेव्हा आमच्या रुग्णाने गॅलरीत जाऊन दोन संत्री केव्हाच संपवली होती.

चहा घेता घेता मी तिला विचारलं, ‘ही गोळी करते तरी काय?’

‘पेशीच्या अंगावर एक घंटी असते,’ ती म्हणाली. ‘ती बाहेरून वाजली की आत निरोप जातो, वाढ म्हणून. एकाकडून दुसऱ्याकडे, हातोहात, पार आतल्या साहेबापर्यंत. माझी घंटी बिघडली. कुणी न वाजवता वाजतच राहायची. पहिल्या गोळीने ती बंद पाडली.’

‘मग आता?’

‘आता मेलीने आकार थोडा बदलला असेल, म्हणून गोळी बसत नसेल. तसं असेल तर त्या मापाची दुसरी गोळी आहे. नाहीतर तिने दुसऱ्याच एक्स्चेंजवरून लाइन घेतली असेल. मग सलाईनवाली केमो.’

‘चोरटी कनेक्शनं आपण किती पकडली गं!’

‘पकडली. पण लोक पुन्हा जोडायचेच की.’ ती हसली, आणि खोकत राहिली.

रिपोर्टची वाट बघत घरात कुढण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून गव्हाणकडे खाडी बघायला गेलो. रिक्षावाला तिथलाच.

‘हितं आमचं मिठागर व्हतं, ताई,’ (मिठागर म्हणजे खाडीचं पाणी वाफ्यांत आटवून मीठ काढायची जागा) तो म्हणाला. ‘आता नाय. आता आमी पन पिशवीतलंच मीठ आनतो.’

परतताना जासईकडून येणाऱ्या कंटेनरच्या रांगेत आम्ही अडकलो. डोक्यावरून एक विमान अगदी कमी उंचीवर गेलं. रिबेका ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. ती दमली असावी, असं समजून मी तिला पाणी पाजलं.

रिपोर्टचा फोन आला तेव्हा रिबेका मासे साफ करत होती. रूथने फोन घेतला, ऐकलं आणि ओट्यापाशीच आत्याला मिठी मारली. घंटीच बदलली होती. दुसरी गोळी चालणार होती! मी लगेच मुलाला फोन करून पुढच्या खोलीला चुना मारायला सांगितलं.

‘थांब जरा,’ रिबेका म्हणाली. ‘आधी नवस फेडायचाय.’

रिबेकासारख्या कोकणातल्या ज्यू मंडळींत नवसाचा मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि वर फळं. माझी उरलेली संत्री ताटात मानाने बसली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि बहुतेक कुटुंबं देश सोडून गेलेली, त्यामुळे रूथने ठाण्यापासून अलिबागपर्यंत सगळ्यांना फोन लावले. रविवारी मंडळी जमली. एका थकलेल्या आजोबांनी एलियाहू पैगंबरांचं गाणं म्हटलं. शब्द मला कळले नाहीत, पण डोळे भरून आले.

मलिदा खाताना मी हळूच विचारलं, ‘काय बोलली होतीस?’

‘दुसरी गोळी लागू पडली तर लेकीकडे जाईन म्हणून.’

‘किती दिवस?’

‘गोळी चालेल तितके.’

हातातला घास मी ताटात परत ठेवला. वर्ध्याचा बेत मी तिला कधी विचारलाच नव्हता. ती येणार, हे मी आपलं धरूनच चालले होते.

ती मला एसटी स्टँडवर सोडायला आली. मी तोंड फिरवून उभी राहिले, पण तिने ओळखलंच. ‘गोळी लागू पडली म्हणून रडणारी तू पहिलीच असशील,’ ती म्हणाली, आणि मग तीही रडली.

वर्ध्याच्या स्टेशनवर मुलगा दोघींना घ्यायला आला होता. माझ्या मागे बघत त्याने विचारलं, ‘मावशी कुठेय?’

‘बरी आहे,’ मी म्हटलं.

खरंच बरी आहे. पनवेलला होते तितके दिवस सकाळ-संध्याकाळ देवाला मी एकच सांगत होते, हिला जगू दे. कुठे, ते सांगायचं मला सुचलंच नाही.