हो म्हणायला शिकवलेली नणंद

माझी थोरली नणंद पडदे शिवते. दिवसभर पांढऱ्या कापडाच्या ढिगात बसलेली असते, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली की कापड कुठं संपतं नि बाई कुठं सुरू होते ते कळत नाही. हाक मारली तर ओ देते, पण फार लांबून. स्वभावानं इतकी गरीब की कुणीही यावं आणि काम गळ्यात मारून जावं.

धाकट्या नणंदेचं गर्भाशय काढून टाकावं लागलं. मग सरोगसीचा विषय निघाला. कायदा म्हणतो, पैसे मोजून दुसरीचं पोट भाड्यानं घेता येत नाही. नात्यातली हवी, स्वतःचं मूल असलेली हवी, शिवाय सरकारी मंडळाची परवानगी हवी. नात्यातली, मूल असलेली म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे थोरलीकडे वळले. ती पडद्याला चुण्या घालत होती. "बरं," म्हणाली. झालं, घरात आनंदीआनंद.

मंडळातल्या बाई एकटीलाच आत घेऊन विचारतात, असं कळलं तेव्हा धाकटी धावत माझ्याकडे आली. थोरलीचा काय नेम, तंद्रीत काहीबाही बोलून बसायची. म्हणून आम्ही दोघींनी तिची तयारी करून घेतली. राजीखुशीनं? हो. सगळं समजलंय? हो. काहीही विचारलं तरी हो म्हणायचं, एवढंच.

त्या दिवशी ती आत गेली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ऊन इतकं मऊ होतं की आपण दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात बसलोय असं वाटत होतं. मुलगी झाली तर तिच्या खोलीत फिकट पिवळं काहीतरी लावायचं, धाकटी पुटपुटत होती. हळूहळू मलाही ती खोली दिसायला लागली, वाऱ्यानं फुगणाऱ्या पडद्यासकट.

तेवढ्यात मंडळातल्या बाई दारात आल्या. "परवानगी देता येणार नाही. घरच्यांचा दबाव आहे का, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या."

मला हसूच फुटलं. "अहो, आम्हीच सांगितलं होतं, काहीही विचारलं तरी हो म्हण!"

बाई हसल्या नाहीत. थोरलीला त्यांनी बाहेर बोलावलं आणि आमच्यासमोरच विचारलं, "चुकून बोललात का?"

थोरलीनं आमच्याकडे पाहिलं, नुकतीच झोपेतून उठल्यासारखं.

"नाही," ती म्हणाली. "बाळंतपणात मी मरता मरता वाचले. मला पुन्हा नको. भीती वाटते."

धाकटी बाकावर बसून रडायला लागली. मला थोरलीचा असा संताप आला, आणि त्याच दमात इतकी माया दाटून आली की काय करावं सुचेना.

"मग घरी का नाही बोललीस गं, ताई?" धाकटीनं कसंबसं विचारलं.

"घरी मला कुणी विचारलंच नाही," थोरली म्हणाली, आणि तिच्याशेजारी बसून तीही रडायला लागली.