गायधनी सरांची विनाअनुदानित चित्रशाळा

आमची चित्रशाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण तिथले आम्ही दोघं-तिघं शिक्षक कुठे भेटलो, लग्नात म्हणा, भाजीबाजारात म्हणा, की कोणीतरी म्हणतंच, "ते आठवतंय का?" आणि मग हातातल्या पिशव्या खाली ठेवाव्या लागतात!

पंचवटीत तेलाच्या गिरणीवर दोन खोल्या, वीस-बावीस मुलं. गायधनी सर प्राचार्य, आणि झाडूवालेही तेच. पाटीवर शाळेच्या नावापुढे कंसात 'विनाअनुदानित'. सर म्हणायचे, "कंस तात्पुरता आहे."

*

नव्वदच्या सुरुवातीला अनुदानासाठी पहिली तपासणी आली. साहेब माणूस सज्जन, पण चित्रकलेशी काडीचा संबंध नाही. छापील फॉर्ममधला एकेक रकाना वाचत होते.

"नॉर्थ लाईट आहे का?"

सरांनी उत्तरेकडची मोठी खिडकी सताड उघडली. खोलीभर मऊ, शांत उजेड पसरला. त्या उजेडासाठीच तर सरांनी गिरणीचा वास सोसला होता!

साहेबांनी छताकडे पाहिलं. भिंतीवर बटण शोधलं. म्हणाले, "ठीक आहे. चालू करून दाखवा."

*

फाईल मुंबईला गेली आणि सरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शिक्षणवाले म्हणत, हे कलेचं. कलावाले म्हणत, हे शिक्षणाचं. सर बाकावर बसून राहायचे, आणि बसल्या बसल्या समोरच्याचं स्केच करायचे. आधी शिपायाचं झालं, मग टायपिस्टबाईंचं. दोन-तीन वर्षांत त्या मजल्यावर सरांचं चित्र नाही असं टेबल उरलं नाही!

एकदा मी सोबत गेले. हेडक्लार्कनी स्वतः उठून चहा मागवला. मी म्हटलं, "एवढी ओळख आहे, तर फाईल पुढे सरकवा की!"

ते हसले. "मॅडम, फाईल सरकली की सर यायचे बंद होतील."

परतताना कसाऱ्यापर्यंत सर खिडकीबाहेरच बघत होते.

*

मॉडेल परवडायचा नाही. म्हणून मखमलाबादहून फुलं विकायला येणाऱ्या एका मावशींना विचारलं, तासभर बसाल का?

"नुस्तं बसायचं?"

"नुसतं बसायचं."

त्यांना ते खरंच वाटेना. तरी टोपली शेजारी ठेवून बसल्या. सगळा वर्ग मान वर करून बघतोय, मान खाली घालून काढतोय. पेन्सिलींचा तेवढा आवाज. तास संपला तर मावशींच्या डोळ्यांत पाणी. मी घाबरले. "पाठ दुखली का हो?"

"नाय वो बाई. इतका येळ माझ्याकडं कधी कोणी बघितलंच नाय."

पुढच्या गुरुवारी त्या न बोलावता आल्या. नवं लुगडं नेसून!

*

निवडणूक आली की पुढाऱ्यांना आमची आठवण व्हायची. एकांनी शब्द दिला, निवडून आलो की अनुदान पक्कं. तेवढं भिंतीवर माझं चित्र काढून द्या. सरांनी यमुनेला पाठवलं. हरसूलची मुलगी, घरच्यांशी भांडून चित्रकलेला आलेली. हात असा की बघत राहावं. साहेब समोर खुर्चीत बसले आणि हिनं शिडीवर चढून चेहरा हुबेहूब उतरवला. डोळ्यांखालच्या पिशव्यांसकट!

कार्यकर्ते खवळले. "पुसून टाक! साहेब म्हातारे दिसतायत!"

यमुना वरूनच म्हणाली, "म्हातारे नाय, दमलेत."

साहेब उठून भिंतीजवळ गेले. म्हणाले, "राहू द्या. माझे वडील शेतावरून यायचे ना, अगदी असेच दिसायचे."

निवडणूक ते हरले. यमुनेचं पुढच्याच वर्षी लग्न झालं, शिक्षण अर्धवट राहिलं. भिंतीवरचं चित्र दोन-तीन पावसाळ्यांत गेलं. मी मात्र तिथे स्कूटर अजून हळू करते.

*

आता हा शेवटचा किस्सा. दोन हजार साल मागे पडलं होतं. आमच्याकडे मुलं यायची थांबली. एका जूनला एकही प्रवेश झाला नाही. सर तरीही रोज दहाला येऊन कुलूप उघडायचे, खोली झाडायचे आणि बसून राहायचे. अशात मुंबईहून पत्र आलं: अंतिम तपासणी, सोमवारी अकरा वाजता.

"काय दाखवायचं त्यांना?" सर म्हणाले. "खरं ते सांगून टाकू."

मी घरी जाऊन फोनची डायरी काढली.

सोमवारी सर जिना चढून आले आणि दारातच थबकले. पहिल्या बॅचची एकवीसच्या एकवीस मुलं बसली होती! मनमाडहून रेल्वेतला एक आला होता, मालेगावहून कापडाची डिझाइनं काढणारा एक. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाला टक्कल, एकीच्या मांडीवर तिचं बाळ. सगळे मुकाट्यानं समोरच्या माठाचं चित्र काढत होते.

सरांनी कोणालाच काही विचारलं नाही. एकाच्या पाठीमागे जाऊन एवढंच म्हणाले, "सावली बघ नीट."

अकराला अधिकारी आले. तरुण होते. सरांनी पहिल्या वर्षाचा हजेरीपट पुढे केला. त्यांनी नावं पुकारली. एकेक करून "हजर सर" आलं. मग त्यांनी टकलाकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं.

"सर, विद्यार्थ्यांची वयं काय आहेत?"

"साहेब, प्रस्ताव दाखल केला तेव्हा सगळे अठराचे होते."

अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं. मग रकान्यात लिहिलं: 'पटावर एकवीस. हजर एकवीस.'