आत बसायला घरचं माणूस

माझ्या भावोजींना सगळे ‘कानसेन’ म्हणतात. कुणा ग्राहकाने कौतुकाने ठेवलेलं नाव, पण भावोजींनी ते अंगावर जे चढवलं ते आजतागायत उतरवलेलं नाही. गाडी दुकानासमोर येऊन थांबायच्या आत ते सांगतात, मागच्या उजव्या दाराचा पत्रा सैल आहे. आणि खरंच तो सैल निघतो. याबाबतीत मला त्यांची खोटी निंदा करायची नाही. त्यांचे कान चांगले आहेत, अजूनही चांगले आहेत, आणि माझ्या रागाचं कारण नेमकं तेच आहे.

त्यांचा धंदा गाड्यांमधल्या आवाजाचा. नवीकोरी गाडी घेऊन माणूस येतो, चेहरा पाडून म्हणतो, “सगळं छान आहे हो, पण गाण्यात दम नाही.” मग भावोजी त्याला खुर्ची देतात आणि प्रवचन सुरू करतात. कंपनी गाडीत कसले कागदाचे पातळ स्पीकर घालते, दाराच्या पत्र्याला कशी भोकं असतात, स्पीकरच्या पाठीमागचा आवाज त्या भोकांतून येऊन पुढचा आवाज कसा खाऊन टाकतो, आणि आपण आवाज वाढवला की कंपनीचा प्लेअर गुपचूप बेस कसा कमी करतो. “चोरी आहे ही, शुद्ध चोरी!” हे वाक्य ते मांडीवर थाप मारून म्हणतात. ग्राहक मान डोलावतो आणि गाडी ठेवून जातो.

काम मात्र चोख. आधी दारं उघडी करायची, पत्र्याला आतून काळी चिकट शीट लावायची, भोकं बुजवायची, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, आणि शेवटी डिकीत बेस घुमवणारी वूफरची पेटी. इतर दुकानदार तिथेच गाडी ताब्यात देतात. भावोजी देत नाहीत. बेस वाढला की गाडीतली प्रत्येक सैल वस्तू बोलायला लागते. नंबरप्लेट फडफडते, छताचा दिवा किणकिणतो, सीटच्या पट्ट्याचं बक्कल खडखडतं. ही खडखड एकूण एक काढल्याशिवाय गाडी बाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा नेम. आणि त्या नेमासाठी आत एक माणूस बसलेलं लागतं.

ते माणूस म्हणजे माझी ताई.

पद्धत अशी होती. ताईने घरातून मधल्या दाराने दुकानात यायचं, हात पदराला पुसत गाडीत बसायचं. चारही काचा वर. आत आवाज पूर्ण. भावोजी बाहेरून गाडीभोवती फिरणार, दारांवर तळवा ठेवणार, डिकीला कान लावणार, नंबरप्लेट बोटाने दाबून बघणार. ताई आतून खुणा करणार. बोट वर म्हणजे छत, अंगठा मागे म्हणजे मागची सीट, मूठ म्हणजे सगळं ठीक. रिकाम्या गाडीत आवाज वेगळा वाजतो, माणूस बसला की बदलतो, म्हणून आत कुणीतरी हवंच, हे भावोजींचं म्हणणं. “आणि आत बसायला घरचं माणूस लागतं,” असंही ते ग्राहकाला सांगायचे. “नोकर काय, बरं आहे म्हणेल आणि उतरेल.”

घर दुकानाच्या मागेच. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये एक दार. त्या दारातून हाक आली की ताई गॅस बारीक करून जायची. मी गेलेली असले की मला भाजी ढवळायला बसवून जायची. परत आली की थोडा वेळ कपाळ धरून उभी राहायची, आणि मग हसून म्हणायची, “माझ्याशिवाय एक गाडी बाहेर पडत नाही बघ.” तिला त्याचा अभिमान होता. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलं नाही, लग्न होऊन या घरात आली आणि तिला एक जागा मिळाली, तीही नवऱ्याच्या कामात. मला ते तेव्हा गोडच वाटायचं. संसार एकमेकांच्या साथीने चालतो म्हणतात, तो हाच असावा असं वाटायचं.

पहिल्यांदा तिने शिट्टीची तक्रार केली तेव्हा मीच तिथे होते. ताटं मांडता मांडता म्हणाली, “अहो, कुकर तर बंद आहे, मग ही शिट्टी कसली येतेय?” भावोजींनी कान टवकारले. दोन घास खाऊन म्हणाले, “कुठलीही शिट्टी नाही.” विषय संपला. ज्या माणसाला दाराच्या पत्र्यातला सैल स्क्रू ऐकू येतो, त्याला जर शिट्टी ऐकू येत नसेल तर शिट्टी नाहीच, असा त्यांचा हिशेब. पुढे ती शिट्टी दिवसरात्र यायला लागली. भावोजी म्हणाले, “अगं, बेसने कान जात नसतात. बेस छातीत लागतो. कान जातात ते कर्कश आवाजाने.” हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की ताईने मलाही तेच ऐकवलं. म्हणाली, “त्यांना माहीत असतं गं.”

मग एकेक आवाज तिला सोडून जायला लागला. आधी दारावरची घंटा. मग फोन. मग आमच्या बोलण्यातली अक्षरं. माणूस बोलतोय एवढं तिला कळायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही. मी शाळेत शिकवते, माझा आवाज मुळातच चढा, त्यामुळे माझं तिला सगळ्यात शेवटपर्यंत ऐकू येत राहिलं. बाकीच्यांच्या बोलण्यावर ती हसून मान हलवायला लागली. काय विचारलं ते न कळता हो म्हणायची. लोकांना वाटायचं, किती समजूतदार बाई. आणि या सगळ्या काळात मधल्या दारातून हाक येतच होती. हाक ऐकू येईना, तेव्हा भावोजींनी त्याच्यावरही उपाय काढला. स्वयंपाकघरात एक दिवा लावला. दुकानातून बटण दाबलं की तो लागायचा. दिवा लागला की ताई गॅस बारीक करायची.

तो दिवा बघून मी भावोजींशी भांडले. “तिला ऐकू येत नाही म्हणून दिवा लावलात, आणि लावलात तो पुन्हा गाडीत बसवायलाच?” ते हसले. “मेहुणीबाई, खडखड अंगाला कळते. तिला अजून बरोबर कळते, विचारा तिलाच.” मी दगडावर डोकं आपटत होते. दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन मी कानांच्या डॉक्टरकडे गेले. भावोजीही आले, दुकान बंद करून आले हे त्यांनी वाटेत बरेच वेळा सांगितलं.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ बघितली आणि विचारलं, “कुठे कारखान्यात वगैरे काम करतात का या? मोठ्या आवाजात?”

ताईला प्रश्न कळला नाही. तिने हसून मान हलवली.

“छे छे,” भावोजी म्हणाले. “घरीच असते. काम कुठे करते ती!”

मी खुर्चीतून उठलेच. मी सगळं सांगितलं. बंद काचा, पूर्ण आवाज, वर्षानुवर्षं, गाडीमागून गाडी. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या आणि मग भावोजींना म्हणाल्या, “आणि तुम्ही त्या वेळी कुठे असायचात?”

“मी बाहेर,” भावोजी म्हणाले. “बाहेरून बघावं लागतं ना.”

त्यांना या उत्तरात काही वावगं वाटलं नाही. मी त्यांचा चेहरा बघत होते. थोडी तरी लाज, थोडा तरी पश्चात्ताप, काहीतरी उमटेल म्हणून वाट बघत होते. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कानाचं यंत्र मिळालं. ते लावलं की भांड्यांचा आवाज वाढायचा, नळाचा वाढायचा, माणसाचं बोलणं होतं तसंच चिखलातून आल्यासारखं. काही आठवड्यांत यंत्र कपाटात गेलं.

त्यानंतर भावोजींनी ताईला बोलावणं बंद केलं, हे मान्य करायला हवं. तिच्या जागी त्यांनी वाळूची गोणी ठेवली. सीटवर गोणी, गोणीवर पट्टा, आणि पुढे आवाज टिपायला मोबाइल. काम बिनबोभाट व्हायला लागलं. “गोणी बरी,” भावोजी ग्राहकांना म्हणायचे, “चहा मागत नाही.” ग्राहक हसायचे. मला मात्र त्या गोणीकडे बघवत नसे. गोणीने भागत होतं! पहिल्या दिवसापासून गोणीने भागलं असतं. हे ताईच्या लक्षात आलं की नाही, मला विचारायचा धीर झाला नाही. ती मधल्या दारात उभी राहून गोणीकडे बघायची एवढं खरं.

मग एक दिवस भावोजींच्या डोक्यात आलं की ताईसाठी काहीतरी करायचं. घरची गाडी त्यांनी पहिल्यांदाच कामाला घेतली. इतकी वर्षं तिच्यात कंपनीचेच कागदी स्पीकर होते. आता चारही दारं उघडली, शीट लावली, जाड लाकडाच्या कड्या कापून त्यांत स्पीकर बसवले, डिकीत पेटी आली, आणि ताईच्या सीटच्या खाली एक चपटा वूफर, थेट पाठीला धक्का देईल असा. आठवडाभर जेवणावरही लक्ष नव्हतं. मला म्हणाले, “कानाने नाही ना ऐकू येत? अंगाने ऐकेल. तिचं आवडतं गाणं मी तिला परत देणार.” आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिचं आवडतं गाणं कुठलं ते त्यांना माहीत होतं, याचंच मला नवल वाटलं.

रविवारी सकाळी ताईला पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे. काचा वर. भावोजी सवयीने बाहेरच राहिले. फोनवरून त्यांनी गाणं लावलं आणि बॉनेटवर तळवा ठेवून ते ताईच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, एखादं मूल बक्षिसाची वाट बघतं तसे.

गाणं सुरू झालं. मला शब्द ऐकू येत होते, सूर ऐकू येत होते. ताईला त्यातलं काहीच पोचत नव्हतं. तिच्या पाठीला फक्त धक्के बसत होते, ठोक्यामागून ठोका. तिने दोन्ही हातांनी सीटच्या कडा धरल्या. मग तिचे डोळे भरून आले. मागे वळून ती मला म्हणाली, “हेच गं. हेच रोज आत शिरायचं. बंद करायला सांग त्यांना.”

मी हात लांब करून प्लेअर बंद केला. भावोजींनी दार उघडलं. ताईचे डोळे बघून त्यांचा चेहरा उजळला. “आवडलं ना? सांग, आवडलं ना?”

ताईने त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि नेहमीसारखी मान हलवली.

मी त्याच दिवशी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं, ती काय म्हणाली ते, शब्द न् शब्द. ते म्हणाले, “तुला माझ्याबद्दल पहिल्यापासून आकस आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय तिला.” आणि हातातला स्क्रूड्रायव्हर पुसत आत गेले.

आता ही त्यांची गोष्ट झाली आहे. प्रत्येक ग्राहकाला सांगतात. बायकोला काडीचं ऐकू येत नाही, पण मी बनवलेला बेस लागला आणि ती आनंदाने रडली. ग्राहक हळहळतो. काहींनी तर ताईला नमस्कार केला आहे. तिला वाटतं, घरधनीण म्हणून करतात.

परवा मी गेले तेव्हा एक तरुण जोडपं नवी गाडी घेऊन आलं होतं. डिकी उघडी, गाणं बारीक चालू. भावोजींची गोष्ट रंगात आलेली. ताई चहाचे कप घेऊन मधल्या दारातून आली. त्या मुलीने ताईचा हात धरला, तिचे डोळे ओले झाले होते. ताई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. “काय सांगतायत गं ते यांना?”

याआधी तिने असं विचारलं की मी काहीबाही सांगून वेळ मारून नेत असे. त्या दिवशी नाही जमलं. मी तिच्यासमोर उभी राहिले, ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. गाडीत तू आनंदाने रडलीस, असं सांगतायत. सगळ्यांना सांगतात.

ताईने मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग कप खाली ठेवले. आपला आवाज किती चढलाय हे तिला आता कळत नाही. तिला वाटलं ती माझ्या कानात कुजबुजतेय, पण अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं.

“सांगू दे. खरं काय ते तुझ्या भावोजींना कळलं तर ते इथे उभे कसे राहतील?”

मुलीने ताईचा हात सोडला. तिच्या नवऱ्याने खाली बघितलं. भावोजींनीही ऐकलं, त्यांना ऐकू न जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी ताईकडे बघितलं. मग गाडीत वाकले आणि त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.