कानबाईच्या ताटातला गूळ

कळसाडीच्या विहिरीवर अनुसयाबाई पाण्याला आली की बायकांच्या गप्पा एकदम पिकापाण्यावर यायच्या. तिनं पाठ फिरवली की कुणीतरी म्हणायचंच, "हाईच ती. पोरले गूळ चारी चारी मारी टाकं." हे तिच्या कानावर जात नव्हतं असं थोडंच आहे? सगळं जायचं. पण ती उलटून एक शब्द बोलली नाही, कारण तिलाही मनातून तसंच वाटायचं. माझा जीव जळतो तो एवढ्यासाठीच.

अनुसयाबाई गुजरांच्या घरातली, गिरधरची बायको. घरचा ऊस, मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ. लेक एकच, मीना. थंडीत चरक सुरू झाला की शाळा सुटल्यावर पोर सरळ मळ्यात पळायची आणि काहिलीजवळ बसून गरम काकवी भाकरीवर घेऊन खायची. गुळाची ढेप फोडली की पहिला खडा अनुसयाबाई स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घालायची. आता सांगा, गुऱ्हाळाच्या घरातली कुठली आई असं करणार नाही?

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात मीना तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली. इतकी मोठी पोर, पण अंथरूण ओलं व्हायला लागलं. मोरीत मुंग्यांची रांग लागायची. खायची भरपूर, पण अंगाला काही लागेना. बघता बघता फ्रॉक खांद्यावरून गळून पडू लागला. म्हसावदच्या वैद्यानं कावीळ म्हणून काढा दिला, त्यानं काडीचा फरक पडला नाही. शेवटी बैलगाडीत घालून तिला शहाद्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं लघवी तपासली आणि सांगितलं, मधुमेह आहे, इन्सुलिनची सुई रोज टोचावी लागेल, जन्मभर.

गाडी दारात परत आली तसा सासू दगूबाईनं उंबऱ्यातच निकाल लावून टाकला. "तुन्हा हातना गूळ खाई खाई हाई पोर नासनी," ती सुनेला म्हणाली. "आते तिन्हा खावामा तू हात घालू नको."

खरं काय होतं ते ऐका. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. बाहेरून रोगजंतू घुसला की त्याला ओळखायचं आणि मारायचं, हे त्यांचं काम. एखाद्या पोराच्या बाबतीत मात्र त्यांची ओळख चुकते. जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात. राखणदार त्यांनाच परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. महिनोन् महिने हे आतल्या आत मुकाट चाललेलं असतं, आणि पोराला तहान लागायला लागते तोवर त्यातल्या बहुतेक पेशी मेलेल्या असतात. इन्सुलिन नाही म्हटल्यावर साखर रक्तातच पडून राहते, अंगी लागत नाही आणि लघवीवाटे निघून जाते. राखणदारांची ओळख का चुकते हे अजूनही पुरतं उमगलेलं नाही, पण मीनासारख्या पोरांचा हा आजार गूळ खाऊन होत नाही, हे नक्की. त्या काळी डॉक्टरांनाही यातलं फारसं ठाऊक नव्हतं, मग दगूबाईला कुठून असणार? तिला खापर फोडायला सून सापडली, विषय संपला.

घरातला गूळ त्याच दिवशी मळ्यात गेला. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची, काचेची पिचकारी आणि सुई उकळायची आणि सकाळी टोचायची, हे सगळं गिरधरनं आपल्याकडे घेतलं. शहाद्याला डॉक्टरकडेही तो एकटाच जायचा. आला की ओट्यावरूनच सांगायचा, "गोड बंद म्हणजे बंद." त्यापुढं कधी काही बोलला नाही. अनुसयाबाईनं स्वतःचंही गोड सोडलं. आपल्या हातून पाप घडलंय, आता डोळ्यांत तेल घालून पोरीला जपायचं, एवढाच तिला ध्यास.

आणि पोर सुधारलीही. उन्हाळ्यात तिच्या गालांवर मांस आलं, पुन्हा शेजारच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळू लागली.

मग श्रावणात कानबाई आली. खानदेशात या देवीचा केवढा थाट! रविवारी घरात कानबाई बसवली, रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर बोळवायला न्यायचं. दगूबाईच्या घरची रीत अशी, की कानबाई बोळवल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात काही घालायचं नाही. लहान पोरांनीसुद्धा नाही. गिरधरनं रोजच्यासारखी सकाळी सुई टोचली आणि सगळे उपाशीपोटी निघाले, पुरुष पुढं वाजंत्रीबरोबर, बाया मागं.

वाजंत्री गल्लीगल्लीत थांबत होती, बाया फुगड्या घालत होत्या. वेळ काय झाला याची कुणाला फिकीर? अनुसयाबाईच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. त्यात रोट होते, खीर होती आणि गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा होता.

नदीची उतरण लागली तशी मीनानं तिचा पदर ओढला. पोरीच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते.

"माय, थोडासा गूळ दे ना व. मन्हा जीव कसातरी करस."

गुळासाठी हट्ट करायची पोरीची ही काही पहिली वेळ नव्हती. अनुसयाबाईनं ताट दोन्ही हातांनी वर धरलं. "जराखी थांब व माय," ती म्हणाली, "कानबाई बोळाई लेऊत." मीना दोन पावलं चालली आणि खाली बसली. मग तिची दातखीळ बसली, अंग ताठ झालं. बाया म्हणाल्या, कानबाई अंगात आली. कुणी तिला हळदकुंकू लावलं, पाया पडल्या. अनुसयाबाईसुद्धा हात जोडून उभी राहिली. अहो, स्वतःच्या पोरीपुढं! मीना पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या प्रहरी, घरी ओसरीत, ती गेली.

पुढं सात-आठ वर्षं अनुसयाबाई कशी जगली ते विचारू नका. कामाला वाघ, पण तोंड शिवलेलं. सहासष्ट साली आपल्या म्हाताऱ्या आईचा खोकला दाखवायला ती शहाद्याला गेली. डॉक्टर तेच, केस तेवढे पिकलेले. आईला तपासून झाल्यावर ती दाराशी घुटमळली आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "डॉक्टरसाहेब, मन्ही पोरले तो रोग मन्हा गूळमुळेच झाया ना?"

डॉक्टरांना मीना आठवत होती. "कोण म्हणालं?" ते म्हणाले. "गुळानं नाही झालं, बाई. आतल्या आत काहीतरी बिघडतं, शरीरच आपला तो भाग मारून टाकतं, असं आता मोठ्या डॉक्टरांना वाटायला लागलंय. तुमचा काही दोष नाही." आणि मग सहज बोलून गेले, "उलट मी गिरधरभाऊंना बजावलं होतं, सुई दिली की उपाशी ठेवू नका, रक्तातली साखर एकदम उतरते, जिवावर बेततं. आणि घाम सुटून कापरं भरलं तर ताबडतोब गूळ भरवा."

अनुसयाबाईनं आईला हाताशी धरून तडक गाडी गाठली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं. गिरधर म्हणाला, "तुले सांगतू तं तू निमित्त करी रोज गूळ चारती. म्हणून नही सांगं. आनि कानबाईना दिवसले... माले वाटनं, एक सकाळ चाली जाई." म्हणजे बापानं पोरीला जपलं, ते तिच्या आईपासून! संताप नाही येणार तर काय?

त्या वर्षीही श्रावणात कानबाई निघाली. नदीवर कानबाईचा पाट टेकवला, दगूबाई आरतीला वाकली. अनुसयाबाईनं ताटातला गुळाचा खडा उचलला, सरळ पुरुषांत शिरली आणि गिरधरच्या तळहातावर ठेवला.

"खावा," ती म्हणाली.

वाजंत्री थांबली. दगूबाई ओरडली, "कानबाई बोळावानी बाकी शे व!"

"माले ठाऊक शे," अनुसयाबाई म्हणाली. नजर नवऱ्यावरून हलली नाही. "पोर मरी गयी, तुमनी रीत वाचनी. आते खावा."

गिरधरला तो खडा तोंडात घालवेना आणि खाली टाकायचीही छाती होईना. अनुसयाबाईनं ताट पाटाशेजारी ठेवलं आणि एकटी घराकडं चालू लागली.