अप्पांची सीट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अप्पांचा पाय वाकेना आणि आमच्या जुन्या गाडीत त्यांना पुढे बसता येईना. सीट वीतभर मागे न्यायची, तर खाली नव्या लोखंडी पट्ट्या जोडायला हव्या होत्या. मी बँकेतून रजा घेतली, वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणलं आणि मोबाइलवर बघत शिकू लागले.

माझा हात घाईचा. रॉड चिकटून बसायचा, नाहीतर पत्र्याला भोक पडायचं. त्यात अप्पा रोज सकाळी वेष्टी नेसून अंगणात खुर्ची टाकून बसत. त्यांना पापनाशमला माझ्या आजारी आत्याला बघायला जायचं होतं.

"झालें का गे?"

"नाही अप्पा. इकडे बघू नका, डोळे दुखतील."

पहिला जोड हातोडा मारताच सुटला. मी रडकुंडीला आले.

"मी बसने जातों," अप्पा म्हणाले. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात जोड टिकला. अप्पा पाय लांब करून बसले आणि तंजावर मागे पडायच्या आत झोपी गेले. मी मात्र पापनाशमपर्यंत प्रत्येक खड्ड्याला सीटखालचा आवाज ऐकत राहिले.